ओटा बसवण्याआधी

काळा ग्रॅनाइट घेतेयस ना? मग पुण्यात कात्रज-कोंढवा रस्त्यावर दगड बघायला जाताना नेलपॉलिश रिमूव्हर आणि पांढरं फडकं ने. घासून बघ. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे, सरळ पुढच्या दुकानात जा. (दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.)

माप मात्र सिंक आणि शेगडी घरात आल्यावरच द्यायचं. आणि दोन दगडांचा जोड सिंकजवळ नको, हे मिस्त्रीला आधीच बजाव. माझा तिथेच आला; आता त्या फटीत हळद कायमची मुक्कामाला आहे. पुढच्या कडेला खालून बारीक खाच मारून घे, म्हणजे पाणी ओघळून ट्रॉलीत जात नाही.

उंची? तुझ्या कोपरापासून चार इंच खाली. बिल्डरच्या मापाने पोळ्या लाटल्यास तर कंबर बोलेल.