आर्किमिडीज ‘युरेका’ ओरडत खरोखरच धावला होता का? त्याचे खरे शोध कोणते?

राजाच्या सोन्याच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळली का, हे कसे ओळखावे ते स्नानगृहात पाणी चढताना पाहून सुचले, म्हणून आर्किमिडीज ‘युरेका’ (‘सापडले’) ओरडत उघडाच धावला, हा तुम्ही विचारलेला प्रसंग आपल्याला व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदामुळे ठाऊक आहे, आणि तो आर्किमिडीजनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी लिहीत होता. खुद्द आर्किमिडीजच्या उपलब्ध ग्रंथांत ना मुकुट आहे, ना स्नानगृह. मला शंका येते ती मात्र उघड्याने धावण्यामुळे नव्हे, तर हिशेबामुळे.

मुकुट एक किलोचा धरू. तो शुद्ध सोन्याचा असेल तर सुमारे ५२ घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारील. सोनाराने ३०० ग्रॅम सोने काढून तेवढीच चांदी मिसळली असेल तर सुमारे ६५. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात हा फरक पाण्याची पातळी अर्धा मिलिमीटरसुद्धा हलवीत नाही, आणि भांडे काठोकाठ भरून सांडलेले पाणी मोजावे म्हटले, तर पाणी काठावर फुगून राहते. याउलट, तराजूच्या एका पारड्याखाली मुकुट व दुसऱ्याखाली तेवढ्याच वजनाचे सोने टांगून दोन्ही पाण्यात बुडवले, तर भेसळीचा मुकुट सुमारे १३ ग्रॅमने हलका ठरून ते पारडे सरळ वर जाते. आर्किमिडीजने असेच केले असावे, असे गॅलिलिओने १५८६ च्या सुमारास सुचवले होते, आणि मला ते पटते.

कारण तराजू हेच या माणसाचे खरे हत्यार होते. इ. स. पू. २८७ च्या सुमारास सिसिलीतील सिराक्यूज येथे जन्मलेल्या या खगोलज्ञाच्या मुलाने तरफेचा नियम सिद्ध केला, तरंगणाऱ्या वस्तूंचे शास्त्र मांडले आणि ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती वापरून पायची (वर्तुळाचा परीघ व व्यास यांच्या गुणोत्तराची) किंमत ३ १०/७१ आणि ३ १/७ यांच्या दरम्यान बसवली. त्याच्या नावाने ओळखला जाणारा पाणी चढवणारा स्क्रू, रोमन जहाजे उचलून आपटणारी यंत्रे, हे सारे प्रसिद्धच आहे. (आरशांनी जहाजे जाळल्याचे मात्र रोमनांनी सिराक्यूजला घातलेल्या वेढ्याचे वर्णन करणारा ग्रीक इतिहासकार पॉलिबियस कुठेही सांगत नाही.)

१९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाला कॉन्स्टँटिनोपल येथे एका चर्मपत्री पोथीत, प्रार्थनांच्या अक्षरांखाली खरवडून पुसलेल्या मजकुरात, आर्किमिडीजचा हरवलेला ‘पद्धती’ हा ग्रंथ सापडला. त्यात तो घनाकृतींचे पातळ काप कल्पनेतल्या तराजूवर तोलून आधी उत्तर हेरतो, आणि अशा तोलण्याला सिद्धता मानता येत नाही हेही स्वतःच बजावतो. गोलाचे घनफळ त्याला घट्ट वेढणाऱ्या दंडगोलाच्या दोन तृतीयांश असते, हेही त्याने तेथे असेच तोलून दाखवले आहे.

इ. स. पू. २१२ मध्ये सिराक्यूज पडले तेव्हा एका रोमन सैनिकाने त्याला ठार केले. पुढे इ. स. पू. ७५ मध्ये सिसिलीत अधिकारी असलेल्या सिसेरोने काटेरी झुडपांत बुजलेले त्याचे थडगे शोधून काढले, ते त्यावर कोरलेल्या गोल आणि दंडगोलावरून.