गोल झाल्यानंतर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या पूर्वतयारी शिबिरासाठी तुझी निवड झाली, त्याचे कौतुक मी फोनवर केलेच आहे. पण त्याच वेळी तू जो प्रश्न विचारलास, त्याचे उत्तर घाईघाईत देण्यासारखे नव्हते. “तिथे आपल्यावर आठ गोल झाले तर?” असे तू विचारलेस, आणि हा आठचा आकडा तुझ्या मनात कुठून आला हे मला लगेच कळले.

11 ऑक्टोबर 2022 रोजी भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात आपला संघ अमेरिकेविरुद्ध उतरला, तेव्हा तू सहावी-सातवीत असशील. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश मिळाला होता आणि फिफाच्या महिला विश्वचषकात भारताचा संघ प्रथमच खेळत होता. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अस्तम उरांव कर्णधार होती; आपल्या पुण्याची काजोल डिसूझाही त्या एकवीस जणींत होती. मध्यंतरालाच पाच गोल झाले आणि सामना 0-8 असा गेला. बहुतेकांची आठवण इथेच थांबते. तीनच दिवसांनी त्याच मैदानावर मोरोक्कोविरुद्ध आपल्या मुलींनी मध्यंतरापर्यंत एकही गोल होऊ दिला नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. उत्तरार्धात पेनल्टीवर पहिला गोल झाला, सामना 0-3 असा हातचा गेला आणि पुढे ब्राझीलने 0-5 असे हरवले. तीन सामन्यांत सोळा गोल झाले आणि आपला एकही झाला नाही, ही नोंद लपवण्याचे कारण नाही. मोरोक्कोचा संघ अमेरिकेइतका बलाढ्य नव्हता, हेही खरे. तरीसुद्धा आठ गोल खाऊन आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली तिसऱ्या दिवशी पंचेचाळीस मिनिटे आपली बचावफळी अभंग ठेवतात, यात तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. आठ गोल झाले, तर तीन दिवसांनी पुन्हा बूट चढवायचे असतात, आणि त्या मधल्या दिवसांत काय करायचे हे आधीच ठाऊक असावे लागते.

आपल्यात आणि अमेरिकेसारख्या संघांत एवढा फरक कशामुळे पडतो, याचाही विचार कर. आपल्याकडच्या मुलींना शिबिरे मिळतात, पण चुरशीचे सामने फार कमी मिळतात. सराव कितीही केला तरी अंगावर धावून येणाऱ्या खेळाडूचा वेग सरावात पुरता कळत नाही. त्यामुळे शिबिरात होणाऱ्या प्रत्येक आपसातल्या सामन्याकडे तू खऱ्या सामन्यासारखे पाहावेस. चेंडू तुझ्याकडे येत असताना तू दोन्ही डोळे त्याच्यावरच खिळवून ठेवतेस, हे मी तुला वर्षभर सांगत आले आहे. चेंडू पायाशी येण्यापूर्वी किमान दोनदा मान वळवून मागे पाहायला हवे, कारण तो आल्यानंतर पाहायला वेळ उरतच नाही.

आता तुझ्या दुसऱ्या सवयीविषयी लिहिते, कारण मला खरी काळजी तिची आहे. गेल्या हंगामातल्या त्या उपांत्य सामन्यात तुझा आडवा पास चुकला आणि गोल झाला, तेव्हा तू खाली बसून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतलीस. नाडी सुटलेली नव्हती. मान खाली घालायला तुला निमित्त हवे होते, हे मला बाकावरून दिसत होते. तू उठेपर्यंत खेळ पुन्हा सुरू झाला होता, तुझ्या बाजूची जागा मोकळी होती आणि दुसरा गोल तिथूनच झाला. पहिल्या गोलाबद्दल मी तुला कधी बोलले नाही आणि बोलणारही नाही. दुसरा मात्र टाळता आला असता. गोल झाला की सर्वांत आधी शेजारच्या बचावपटूकडे बघ, तिला नावाने हाक मार आणि आपल्या जागेवर जा. एवढेच कर, पण दर वेळी कर.

त्या स्पर्धेचा अंतिम सामना 30 ऑक्टोबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला आणि मी प्रेक्षागृहात होते. स्पेन विरुद्ध कोलंबिया, 82 मिनिटे गोलशून्य बरोबरी, आणि मग कोलंबियाच्या आना मारिया गुस्मानकडून स्वयंगोल झाला. स्पेनने 1-0 असा विजय मिळवून विश्वचषक राखला. सतरा वर्षांची बचावपटू, विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि त्यातला एकमेव गोल आपल्याच जाळीत! घरी परतताना हार्बरच्या गाडीत मी तिचाच विचार करत होते. माझ्या हाताखालच्या मुलीवर असा प्रसंग आला असता तर तिला काय सांगितले असते, हे मला सुचत नव्हते.

ऑगस्ट 2023 मध्ये मेलबर्नला महिलांच्या वरिष्ठ गटाच्या विश्वचषकात कोलंबिया आणि जमैका समोरासमोर आले. कोलंबियाची नेहमीची बचावपटू निलंबित असल्यामुळे तिच्या जागी गुस्मानला उतरवले गेले. तिने लांबून टाकलेला चेंडू कातालिना उस्मेने ताब्यात घेतला आणि गोल केला. त्या एकाच गोलावर कोलंबियाचा महिला संघ प्रथमच विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. नेरुळच्या त्या रात्रीला तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते. चेंडू इतक्या लांब टाकायला धीर लागतो, आणि तो तिच्यापाशी शिल्लक होता.

हेही ध्यानात घे की आपल्याकडे झालेल्या त्या सतरा वर्षांखालील स्पर्धेत विजेता स्पेनसुद्धा गटसाखळीत मेक्सिकोकडून 1-2 असा हरला होता.

शिबिराच्या बाबतीत थोडे सांगायचे राहिले. सर्दी-खोकल्याचे साधे औषधही संघाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस, कारण उत्तेजक चाचणीचे नियम घरगुती उपचारांनाही सोडत नाहीत. पाळीच्या दिवसांत त्रास होत असेल तर फिजिओंना न संकोचता सांग. त्यांना तारखा माहीत असल्या तर ते सरावाचा भार बेताने आखू शकतात. एकवीस जणींच्या संघात दहा जणी बाकावर बसतात आणि त्या दहांत तू असू शकतेस. तेव्हा तुझ्या जागेवर खेळणाऱ्या मुलीच्या माना मोजत बस: चेंडू येण्यापूर्वी ती किती वेळा मागे पाहते, आणि गोल झाल्यानंतर पहिल्यांदा कोणाकडे पाहते.

पहिल्या आठवड्यानंतर मला फोन कर. किती गोल झाले हे मी विचारणार नाही. कोणाला हाक मारलीस ते सांग.

तुझी,
ताई