सैतामातला जुना फ्लॅट: आधी सोसायटीचे कागद मागा

तुमचा बेत असा: पुढच्या वर्षी नोकरीसाठी टोकियोला यायचं, पण त्याआधीच पुण्यात बसून सैतामातला (टोकियोला लागूनचा प्रांत) १९७९ सालचा ५० लाख येनचा फ्लॅट घ्यायचा आणि भाड्यानं लावायचा. जाहिरातीत १२ टक्के परतावा लिहिलाय, शिवाय 'बिल्डिंग जुनी आहे, म्हणजे आज ना उद्या रीडेव्हलपमेंट होणारच' असं तुम्ही म्हणताय. माझाही या भागात असाच एक फ्लॅट भाड्यानं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रीडेव्हलपमेंट आधी डोक्यातून काढा. आपल्याकडे बिल्डर वाढीव एफएसआयचे (म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीचे) फ्लॅट विकून खर्च काढतो. इथल्या उपनगरांत वस्ती म्हातारी होत चाललीय, तेवढे जादा फ्लॅट घेणार कोण? एजंट टोकियोच्या तामा न्यू टाऊन या उपनगरातल्या सुवा २-चोमे वसाहतीचं नाव हमखास घेतील. तिथे १९७१ सालची ६४० घरं पाडून २०१३ मध्ये १,२४९ झाली, हे खरं. पण ती बुटक्या इमारतींची ऐसपैस वसाहत होती आणि सगळ्यांना राजी करण्यातच वीसेक वर्षं गेली. बाकी ठिकाणी घरमालकांना पदरचे पैसे घालावे लागतात. पेन्शनवर जगणारे आजी-आजोबा कशाला हो म्हणतील?

आता ते १२ टक्के. भाडं महिना ५० हजार येन, म्हणजे वर्षाचे ६ लाख. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च आणि दुरुस्ती निधी दर महिन्याला भरायचा, फ्लॅट रिकामा असला तरी. दोन्ही मिळून २५ हजार धरा. ३ लाख तिथेच गेले. भाडं सांभाळणाऱ्या एजन्सीचे ५ टक्के आणि मालमत्ता कर वजा केला की सव्वादोन लाख उरतात. साडेचार टक्के! त्यात भाडेकरू बदलला की साफसफाई, वॉलपेपर, एजंटाची महिन्या-दोन महिन्यांच्या भाड्याइतकी फी. खरेदीची दलालीही हलकी नाही: २०२४च्या जुलैपासून ८० लाखांपर्यंतच्या घराला ३ लाख ३० हजारांपर्यंत घेता येते.

साल १९७९ आहे, हे मला सगळ्यात खटकतं. भूकंपाचे कडक नियम १ जून १९८१ पासून लागू झाले, आणि त्यात बांधकाम परवान्याची तारीख धरतात, पूर्ण झाल्याची नाही. त्याआधीच्या इमारतीवर पुढच्या गिऱ्हाइकाला कर्ज मिळायला त्रास होतो, म्हणजे विकताना तुमचेच हाल. तपासणी होऊन मजबुतीकरण झालं असेल तर गोष्ट वेगळी.

कुणाला बघायला पाठवलंत तर फ्लॅटच्या चकचकीत किचनवर जाऊ नका म्हणावं. खाली प्रवेशद्वारापाशी टपालपेट्या असतात. रिकाम्या घरांच्या पेट्यांची फट टेप लावून बंद केलेली असते. त्या मोजा. सांडपाण्याचे पाइप कधी बदलले ते विचारा. जुन्या इमारतींत ते आपल्या लादीखालून, म्हणजे खालच्या शेजाऱ्याच्या छतातून जातात. गळती झाली की आधी तो दारात उभा.

आधीच्या मालकानं सोसायटीचे पैसे थकवले असतील तर ते कायद्यानं तुमच्याकडूनही वसूल होतात. भाडेकरू बसलेला फ्लॅट असेल तर त्याला 'करार संपला, निघा' म्हणता येत नाही. सबळ कारण लागतं. एअरबीएनबीचा विचार असेल तर बहुतेक सोसायट्यांच्या नियमावलीत मनाई असते.

घर घेतल्यानं व्हिसाला काडीची मदत होत नाही. कायम वास्तव्याचा परवाना नसेल तर बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणजे सगळे रोख. भारतातून पाठवताना १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेनं आगाऊ घेतलेला कर) कापतील. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. खरेदीनंतर २० दिवसांत बँक ऑफ जपानमार्फत माहिती द्यायची, जपानात तुमच्या वतीनं कर भरणारा प्रतिनिधी नेमायचा, आणि तुम्ही भारतात असेपर्यंत भारतातल्या विवरणपत्रात हे घर दाखवायचं.

मी तुमच्या जागी असतो तर आधी येऊन त्याच रेल्वेमार्गावर वर्षभर भाड्यानं राहिलो असतो. तरी हाच फ्लॅट मनात भरला असेल तर एजंटाकडून तीन कागद मागवा: सोसायटीचा थकबाकी आणि निधीचा अहवाल, पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांचा आराखडा, आणि गेल्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं. सगळं जपानीत येईल. मला पाठवा, वाचून सांगतो.