वाचकांचे प्रश्न : हिंदुस्थानचा हिशेब मागणारे फॉसेट

प्रश्न : मागील अंकात पुणे सार्वजनिक सभेविषयी लिहिताना आपण ‘फॉसेटसाहेब’ असा उल्लेख केला, पण ते कोण हे सांगितले नाही. ते मुंबई इलाख्यातील अधिकारी होते का? पुण्यात कधी आले होते का? आमचे वडील एका आंधळ्या इंग्रज प्रोफेसराची गोष्ट सांगत असत, ती यांचीच का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : उल्लेख अर्धवट राहिला, ही चूक आमचीच. हेन्री फॉसेट हे कोणत्याही इलाख्याचे अधिकारी नव्हते आणि पुणेच काय, हिंदुस्थानातही ते कधी आले नाहीत. वडिलांनी सांगितलेली गोष्ट मात्र बहुधा त्यांचीच असावी.

फॉसेट यांचा जन्म १८३३ मध्ये सॉल्सबरी येथे झाला. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८५६ मध्ये ते सातवे रँग्लर झाले, म्हणजे पहिल्या वर्गात सातवे आले. वकिली करून पार्लमेंटात जायचे हा त्यांचा बेत विद्यार्थिदशेतच ठरलेला होता. सप्टेंबर १८५८ मध्ये ते वडिलांबरोबर शिकारीला गेले असता, उडालेल्या तित्तिरावर वडिलांनी झाडलेल्या बंदुकीतील काही छर्रे मुलाला लागले. दोन्ही डोळ्यांत एकेक छर्रा गेला आणि पंचविसाव्या वर्षी दृष्टी कायमची गेली. या प्रसंगाने आपला आयुष्यक्रम बदलू द्यायचा नाही, हे आपण दहा मिनिटांत ठरवले, असे ते पुढे सांगत. पुढची वर्षे पाहता ही बढाई वाटत नाही. १८६३ मध्ये ते केंब्रिजला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, १८६५ मध्ये ब्रायटनहून लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटात निवडून आले, आणि घोड्यावरची रपेट, मासेमारी व गोठलेल्या नदीवरचे स्केटिंग यांतले काहीही त्यांनी सोडले नाही. कागदपत्रे चिटणीस वाचून दाखवी; आकडे ते ऐकून पाठ करीत आणि सभागृहात टिपणाशिवाय बोलत.

हिंदुस्थानशी त्यांचा संबंध आला तो एका मेजवानीच्या बिलावरून. १८६७ मध्ये तुर्कस्तानचे सुलतान लंडनला आले, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ इंडिया ऑफिसात, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या तिथल्या सरकारी खात्यात, नृत्यसमारंभ झाला आणि त्याचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आला. नाच लंडनला आणि वर्गणी रयतेची, हा कुठला न्याय, असा फॉसेट यांचा सवाल होता. अबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेतील हिंदी फौजेचा पगार हिंदुस्थानवरच लादला गेला, तेव्हाही त्यांनी विरोध केला. हिंदुस्थानचे अंदाजपत्रक त्या काळी अधिवेशनाच्या अखेरीस, बाके ओस पडलेली असताना उरकले जाई. अशा सभागृहात आंधळ्या माणसाने उभे राहून एकेका रकमेचा जाब विचारावा, हे दृश्य सरकारला फारसे सुखाचे नसावे. तिकडे त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणू लागले ते यामुळेच.

१८७१ मध्ये हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करण्यासाठी पार्लमेंटची समिती नेमली गेली, तीत फॉसेट होते. दादाभाई नौरोजी आणि नौरोजी फर्दुनजी यांच्या साक्षी १८७३ मध्ये तिच्यापुढेच झाल्या. पुण्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या सभेने याच समितीपुढे ठेवण्यासाठी माहिती गोळा करायला उपसमिती नेमली आणि तिचा अहवाल १८७३ मध्ये छापला. आमच्या मते या दोन टोकांना जोडणारा धागा सहानुभूतीपेक्षा हिशेबाचा आहे. गाऱ्हाणे आकड्यांत मांडले तर ते झटकून टाकणे अवघड जाते, हे पुण्याच्या मंडळींनी आणि त्या प्रोफेसराने आपापल्या जागी ओळखले होते. १८७४ मध्ये ब्रायटनला फॉसेट पडले, तेव्हा त्यांच्या पुढील निवडणुकीच्या खर्चासाठी हिंदुस्थानात वर्गणी जमली. त्याच वर्षी ते लंडनच्या हॅकनी मतदारसंघातून पुन्हा निवडून आले.

त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे मात्र कारण नाही. सरकारने उद्योगधंद्यात हात घालू नये, या मताचे ते कट्टर होते. कारखान्यांतील प्रौढ स्त्रियांच्या कामाचे तास कायद्याने कमी करण्यालाही त्यांनी विरोध केला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, विलायती अर्थशास्त्राचे सिद्धांत हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे मांडले, तेव्हा त्यांचा रोख ज्या पठडीवर होता तिच्यातलेच फॉसेट होत. शिवाय १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्यांना पोस्टमास्टर जनरल केल्यावर मंत्रिपदाची मर्यादा आली आणि हिंदुस्थानविषयीचा त्यांचा आवाज साहजिकच खाली आला.

टपालखात्यात मात्र त्यांनी जीव ओतला. एक शिलिंग साठल्याशिवाय पोस्टात बचतखाते चालत नसे. फॉसेट यांनी बारा चौकोनांचा एक कागद काढला. मुलाने एकेक पेनीचे तिकीट घेऊन चौकोनात चिकटवायचे आणि बारा भरले की तो कागद पोस्टात देऊन शिलिंग जमा करायचा. पोस्टल ऑर्डरची योजना त्यांच्या आधीच तयार होती, पण ती १८८१ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत चालू झाली. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडणाऱ्या वाचकांना तिचे हे विलायती कूळ ठाऊक असलेले बरे. पार्सलची सेवा १८८३ मध्ये आली. नोव्हेंबर १८८४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकावन्नाव्या वर्षी, फॉसेट यांचे केंब्रिजला निधन झाले.

प्रश्न : लंडनला मुलीकडे गेले असता पार्लमेंटसमोरच्या चौकात हातात फलक धरलेल्या मिलिसंट फॉसेट यांचा पुतळा पाहिला. या आपल्या फॉसेट यांच्या कोणी होत का?
— एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : पत्नी. विवाह १८६७ चा. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीचे त्यांनी अनेक वर्षे नेतृत्व केले, आणि २०१८ मध्ये उभारलेला त्यांचा पुतळा हा त्या चौकातील स्त्रीचा पहिलाच पुतळा होय. पतीचाही या मागणीला पाठिंबा होता. १८८४ मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती मताला आली, तेव्हा मंत्री असूनही त्यांनी सरकारच्या बाजूने मत दिले नाही आणि ग्लॅडस्टन यांची नाराजी ओढवून घेतली.

त्यांची एकुलती एक मुलगी फिलिपा हिने १८९० मध्ये केंब्रिजच्या त्याच गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लरपेक्षाही, म्हणजे पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यापेक्षाही, वरचा क्रम मिळवला. स्त्रियांना तेव्हा पदवी देत नसत, म्हणून तिचे नाव ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असे वाचून दाखवले गेले. रँग्लर म्हणजे काय, हे पुण्यात समजावून सांगण्याची गरज नाही. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८९९ मध्ये, सीनियर रँग्लर झाले ते आपल्या फर्ग्युसन कॉलेजचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे.