'२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटाचा शेवट काय? तो काळा दगड, ती खोली, ते बाळ, काहीच कळलं नाही.

मलाही पहिल्यांदा कळला नव्हता. मागच्या पावसाळ्यात ठाण्याला घरी भाच्याबरोबर पुन्हा पाहिला, तेव्हा एक धागा हाती लागला: फक्त त्या काळ्या शिळेवर नजर ठेवा. ती दिसली की माणूस एक पायरी वर चढतो. आधी माकडांसमोर येते, मग त्यांतल्या एकाला हाड हत्यारासारखं वापरायचं सुचतं. चंद्रावर सापडते, तिथून गुरूच्या दिशेने संदेश सुटतो. म्हणजे कुणीतरी वाट बघत होतं!

शेवटची खोली दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक यांनी १९८० च्या एका मुलाखतीत स्वतः उलगडली होती: देवासारख्या शक्तींनी गुरूकडे गेलेल्या यानातल्या अंतराळवीराला, म्हणजे डेव्हला, प्राणिसंग्रहालयात ठेवावं तसं तिथे ठेवलंय, आणि त्याचं आयुष्य तिथेच संपून तो नव्या रूपात परत येतो. ते बाळ म्हणजे तोच.

मला मात्र जेवणाचा प्रसंग सगळ्यात भिडतो. म्हातारा डेव्ह एकटा जेवतोय, हाताचा धक्का लागून काचेचा पेला फुटतो. तो वाकून तुकड्यांकडे बघतो, मान वर करतो, तर पलंगावर त्याहून म्हातारा तोच! भाचा इथे एकदम ताठ बसला.

पहिली पंचवीसेक मिनिटं संवादच नाहीत, त्यामुळे मोबाइल दूर ठेवून बघा. तरीही अडलात तर आर्थर क्लार्क यांची त्याच नावाची कादंबरी वाचा, तीही १९६८ चीच. तिथे बरंच सरळ सांगितलंय, फक्त यान गुरूऐवजी शनीकडे जातं.