हायवे तर पाडला, पुढे काय? – वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एक छोटी नोंद दिली होती, की शहराच्या मधून गेलेले हायवे काही ठिकाणी काढून टाकतायत आणि त्या जागेवर परत चालत फिरता येईल अशी वस्ती उभी करतायत. त्यावर एवढी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकलावे लागले. काही जण चिडलेत, बऱ्याच जणांना खरंच कुतूहल आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : हायवे एकदा काढला की दोन्ही बाजूची माणसं आपोआप इकडेतिकडे जायला लागतील ना? मग त्या जागेवर परत बिल्डिंगा कशाला? सरळ बाग करा की!

उत्तर : आपोआप काहीच होत नाही हो. किडका दात काढला म्हणून तिथे नवा उगवत नाही, नुसती फट राहते. चालणारा माणूस अंतर मीटरमध्ये मोजत नाही. चारशे मीटर म्हणजे पाच मिनिटं, पण दोन्ही बाजूला दुकानं, दारं, खिडक्या असतील तर ती पाच मिनिटं कळतही नाहीत, आणि तेच अंतर जाळीच्या कुंपणाच्या कडेने, खाली गाड्यांचा घोंघाट, वरून वारा, असं चालायचं म्हटलं की माणूस म्हणतो जाऊ दे, उद्या बघू. त्यामुळे नुसती वाट मोकळी करून भागत नाही, वाटेत काहीतरी असावं लागतं आणि पलीकडे जायला कारणही असावं लागतं.

याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण अगदी छोटं आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबस शहर आहे, तिथल्या हाय स्ट्रीट नावाच्या मुख्य रस्त्याला आय-670 हायवेने मधोमध तोडलं होतं. वरून पूल होता, पण उघडाबोडका, त्यामुळे एका बाजूला डाउनटाउन, म्हणजे शहराचा मध्यवर्ती भाग, आणि दुसऱ्या बाजूला शॉर्ट नॉर्थ हा भाग, आणि मध्ये कुणाला चालावंसं वाटत नाही असा तुकडा. 2004 मध्ये त्यांनी काय केलं, तर रस्त्याच्या पुलाला लागून दोन्ही बाजूंना आणखी एकेक पूल बांधला आणि त्यावर एकमजली दुकानं आणि रेस्टॉरंट बसवली. बस एवढंच. आता फूटपाथवरून चालताना दोन्हीकडे काचेच्या शोकेस दिसतात आणि आपण हायवे ओलांडतोय हे लक्षातसुद्धा येत नाही. अक्खा हायवे खाली तसाच चालू आहे! बाग केली असती तर छान दिसली असती, पण रात्री आठनंतर तिथून कोण गेलं असतं?

मोठ्या प्रमाणावर बघायचं तर न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर. तिथे डाउनटाउनभोवती 'इनर लूप' नावाचा खोलगट हायवे 1965 मध्ये पूर्ण झाला, लोक त्याला खंदकच म्हणायचे. गंमत म्हणजे ज्या शहरासाठी तो बांधला ते शहरच आटत गेलं, 1950 मध्ये सव्वातीन लाखांच्या वर लोकसंख्या होती ती 2020 ला दोन लाख अकरा हजारांवर आली. मग 2014 ते 2017 मध्ये पूर्वेकडचा भाग चक्क मातीने भरून टाकला, खर्च सुमारे 2.2 कोटी डॉलर. कडेचे सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी बारा लेनची रुंदी होती, तिथे आता साधा रस्ता आणि सायकल ट्रॅक आहे. जवळपास सहा एकर जमीन मोकळी झाली आणि तिच्यावर घरं आली, शेजारच्या म्युझियमची नवी इमारतही आली. म्युझियमसोबत भलंमोठं पार्किंगही आलं, त्यावर माझं नाक मुरडून झालंय, कारण पार्किंगच्या भिंतीजवळून चालणं आणि कुंपणाजवळून चालणं यात फारसा फरक नाही. आता उत्तरेकडच्या भागाचाही प्लॅन आहे.

प्रश्न : हे सगळं ठीक आहे, पण त्या हजारो गाड्या काय हवेत विरघळणार आहेत?

उत्तर : थोड्याफार विरघळतात, खरंच! 2002 मध्ये केर्न्स, अ‍ॅटकिन्स आणि गुडविन या ब्रिटिश संशोधकांनी 11 देशांतली 70 उदाहरणं तपासली होती, जिथे गाड्यांकडून रस्त्याची जागा काढून घेतली होती. आजूबाजूचे रस्ते हिशोबात धरूनही, सगळी उदाहरणं घटीच्या क्रमाने लावली तर बरोबर मधोमध येणाऱ्या उदाहरणात ट्रॅफिक सुमारे 11 टक्क्यांनी घटलेलं निघालं. सगळीकडे नाही, काही ठिकाणी घटलं नाही हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. होतं काय, की कुणी वेळ बदलतं, कुणी दोन कामं एका फेरीत उरकतं, कुणी बसने जातं, आणि जे लोक शहरातून फक्त पार होऊन पुढे जाणार असतात ते बाहेरच्या रस्त्याने जातात. पण यात एक मेख आहे, पर्याय आधी द्यावा लागतो. सोलमध्ये चंगेचन नदीवरचा उन्नत हायवे 2003 मध्ये पाडायला घेतला, खालचा रस्ता धरून त्या पट्ट्यात दिवसाला दीड लाखाच्या वर गाड्या होत्या, आणि त्याच सुमाराला, 2004 मध्ये, त्यांनी अख्खी बस व्यवस्था नव्याने मांडली. बसचं काहीच न करता नुसता हायवे पाडला असता तर मीही तुमच्या बाजूने ओरडलो असतो.

प्रश्न : हायवे काढून त्या जागी सहा लेनचा 'बुलेवार्ड' करतात. झाडं लावलेला हायवेच ना तो?

उत्तर : अगदी बरोबर पकडलंत, बऱ्याचदा तसंच होतं. सॅन फ्रान्सिस्कोत 1989 च्या भूकंपात सेंट्रल फ्रीवे या उन्नत हायवेचं नुकसान झालं, मग तो दुरुस्त करायचा की काढायचा यावर 1997, 1998 आणि 1999 असं तीन वर्षं लागोपाठ मतदान झालं, आधी दुरुस्ती जिंकली, मग बुलेवार्ड, मग परत बुलेवार्ड. शेवटी 2005 मध्ये ऑक्टाव्हिया बुलेवार्ड झाला. मधल्या चार लेन जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना, त्यानंतर झाडांची पट्टी, आणि पट्टीच्या पलीकडे एकेक बारकी लेन फक्त तिथे राहणाऱ्यांसाठी, जिथे गाडी हळूच जाते. घरांची दारं त्या बारक्या लेनवर उघडतात, हे महत्त्वाचं. गाड्या पूर्वीच्या अर्ध्याच्या आसपास आल्या, तरी फ्रीवे तिथेच येऊन संपतो म्हणून ऑफिसच्या वेळेला चांगलाच तुंबतो, आणि ओलांडताना अजूनही जीव मुठीत धरावा लागतो.

गाड्या जास्त असतील तर रस्त्याची रुंदी कमी असूनही माणसं तुटतात, हे याच शहरात 1970 च्या आसपास डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी दाखवलं होतं. त्यांनी एकमेकांजवळच्या तीन गल्ल्या घेतल्या. जिथून दिवसाला दोन हजार गाड्या जायच्या तिथे माणसाला गल्लीत सरासरी तीन मित्र होते, आणि जिथून सोळा हजार जायच्या तिथे एकसुद्धा पूर्ण नाही, 0.9! म्हणून हायवेचं नाव बदलून रस्ता केला एवढ्यावर खूश होऊ नका, गाड्या किती आणि किती स्पीडने जाणार ते विचारा.

प्रश्न : स्वस्तात पादचारी पूल बांधून टाकला तर नाही का भागणार?

उत्तर : नाही. दोन मजले चढायचे, चालायचं, दोन मजले उतरायचं, तेही हातात पिशवी किंवा कडेवर पोर घेऊन, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी तर नावच काढायला नको. पादचारी पूल बहुतेक वेळा गाड्यांच्या सोयीसाठी असतो, नावाला पादचाऱ्यांचा. हायवे खोलगट असेल आणि पूल रस्त्याच्याच लेव्हलला असेल तर गोष्ट वेगळी, मग तो रुंद करा आणि कोलंबससारखं वर काहीतरी ठेवा.

प्रश्न : हायवे जमिनीखाली घालायचा किंवा त्याच्यावर स्लॅब टाकायचा, यात बेस्ट काय?

उत्तर : हायवे वरून जातोय, खोलगट आहे की जमिनीच्या लेव्हलला, यावर सगळं आलं. खोलगट असेल तर झाकण टाकता येतं. डॅलसमध्ये 2012 मध्ये वुडॉल रॉजर्स फ्रीवेवर 5.2 एकरचा क्लाइड वॉरन पार्क असाच केलाय, बीमांच्या मधे खाचा ठेवून त्यात माती भरलीय म्हणजे मोठी झाडं जगतील. पण झाकणावर वजनाची मर्यादा येते, उंच इमारती झेपवायच्या तर खांब खाली हायवेच्या मधून जमिनीत न्यावे लागतात आणि खर्च कुठच्या कुठे जातो, म्हणून बहुतेक ठिकाणी मधे बाग किंवा बैठी दुकानं आणि उंच इमारती कडेला. झाकण लांब असेल तर पंखे, दिवे, आगीची व्यवस्था असा बोगद्याचा सगळा खटाटोप आलाच, आणि धूर तोंडाशी जमा होतो ते वेगळंच.

हॅम्बर्गला ए-7 हायवेवर अशी तीन झाकणं आहेत, श्नेल्झेन, श्टेलिंगन आणि अल्टोना इथे, अल्टोनाचं अजून चालू आहे. आवाजापासून संरक्षण द्यायचा कायदा होता म्हणून तेवढ्याचे पैसे केंद्र सरकारने दिले, झाकण आणखी लांब करायचे पैसे शहराने आजूबाजूच्या आपल्या जमिनी घरांसाठी विकून उभे करायचे, आणि लोकांनी भाड्याने घेतलेल्या ज्या छोट्या बागांची जागा त्यात गेली त्या बागा झाकणावर न्यायच्या. हा हिशोब मला फार आवडतो.

गाडायचं म्हटलं तर बोस्टन आठवा. 1959 चा सेंट्रल आर्टरी हा उन्नत हायवे जमिनीखाली घातला, सुरुवातीचा अंदाज 280 कोटी डॉलरचा, गेला 1,480 कोटींच्या आसपास. वर 2008 पासून ग्रीनवे आहे, छान आहे, मुलं कारंज्यात खेळतात वगैरे. पण दोन्ही बाजूंनी अनेक लेनचे रस्ते ठेवलेत, म्हणजे बागेत जायला एक ट्रॅफिक ओलांडा आणि पलीकडे जायला दुसरं. बोगद्यात उतरणाऱ्या रॅम्पवर इमारती येणार होत्या, तर रॅम्प झाकायचा खर्चच एवढा की त्यातल्या काही आल्याच नाहीत. माद्रिदनेही एम-30 हायवे नदीकाठी गाडला, 2011 चं माद्रिद रिओ पार्क देखणं आहे, पण महापालिका कित्येक वर्षं कर्ज फेडत बसली. माझं मत विचाराल तर आधी काढता येतो का बघा, नाहीच तर झाकण, आणि गाडणं अगदी शेवटी.

प्रश्न : शेवटी बिल्डरांचीच चांदी ना? ज्यांची घरं पाडून हायवे केला त्यांना काय मिळालं?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि सगळ्यात अवघडही हाच आहे. अमेरिकेत 1956 च्या कायद्याने 41,000 मैलांचं हायवेचं जाळं ठरलं, 90 टक्के पैसे केंद्राचे, मग शहरं कशाला नाही म्हणतील! आणि जिथे जमीन स्वस्त, जिथल्या लोकांचं कुणी ऐकत नाही, तिथूनच लाइन आखली. सेंट पॉलमधली राँडो आणि डेट्रॉइटमधली ब्लॅक बॉटम या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्त्या अशाच गेल्या, घरांबरोबर दुकानं, न्हाव्याच्या खुर्च्या, गाण्याचे अड्डे सगळं. आता साठ वर्षांनी तिथे हायवे काढून महागडे फ्लॅट बांधले तर ती दुरुस्ती कुणासाठी झाली?

ऑक्टाव्हियाच्या बाबतीत मोकळ्या झालेल्या प्लॉटांवरची जवळपास निम्मी घरं परवडणाऱ्या दराची ठेवायचं ठरलं, ते आधीच ठरलं म्हणून झालं. तरीही आजूबाजूच्या हेज व्हॅलीतली भाडी चढलीच आणि जुने लोक हळूहळू गेलेच. सोलमध्ये नदी मोकळी झाली तेव्हा फेरीवाल्यांना एका जुन्या स्टेडियममध्ये हलवलं, काही वर्षांनी ते स्टेडियमही पाडलं. तेव्हा बागेचे फोटो बघताना जरा फ्रेमच्या बाहेर कोण गेलंय ते बघत जा.

2021 च्या अमेरिकन कायद्यात अशा तुटलेल्या वस्त्या सांधायला पाच वर्षांसाठी 100 कोटी डॉलर ठेवले होते. आकडा मोठा वाटतो, बोस्टनशी ताडून बघा म्हणजे कळेल.

आणि बिल्डर लगेच धावत येतात असंही नाही बरं का. मिलवॉकीत 2002-03 मध्ये पार्क ईस्ट फ्रीवे पाडला, 24 एकर जमीन निघाली, त्यानंतर मंदी आली आणि बरीचशी जागा कितीतरी वर्षं रिकामीच होती, मोठं स्टेडियम आलं ते थेट 2018 मध्ये. मोठमोठे प्लॉट पाडले की ते घेणारे मोजकेच असतात. छोटे प्लॉट पाडले तर छोटा माणूसही घेतो आणि रस्त्यावर दारंही जास्त उघडतात.

प्रश्न : अशा प्लॅनची चित्रं नेहमी गोडच असतात, झाडं, फुगेवाले, सायकलवरची मुलं. सामान्य माणसाने नेमकं बघायचं काय?

उत्तर : चित्र बाजूला ठेवा आणि नकाशा मागा. हायवे यायच्या आधीचा जुना नकाशा मिळाला तर शेजारी ठेवा, आडव्या गल्ल्या किती होत्या आणि त्यातल्या किती परत जोडतायत ते बोटाने मोजा. पोर्टलंडमध्ये एकेक ब्लॉक जेमतेम साठ मीटरचा आहे, म्हणून तिथे चालायला कंटाळा येत नाही, तुमच्या नकाशात दोन गल्ल्यांमधे दोनशे मीटरची सलग भिंत असेल तर हरकत घ्या. तळमजल्यावर दारं किती आणि पार्किंगची शटर किती ते बघा. सिग्नलला म्हातारा माणूस एका दमात पार होतो की मधल्या बेटावर अडकतो ते विचारा. जमीन कुणाच्या नावावर राहणार, विकणार की भाड्याने देणार, स्वस्त घरं किती आणि ती किती वर्षं स्वस्त राहणार, हे लेखी मागा. आणि हे सगळं टेंडर निघायच्या आधीच्या मीटिंगमध्ये विचारा, नंतरच्या मीटिंगमध्ये फक्त बाकांना कुठला रंग हवा एवढंच विचारतात.