कमी बजेटच्या टीनएज सायफाय सिनेमांना काही सांस्कृतिक मूल्य असतं का?

तुमचा १४ वर्षांचा मुलगा जुने, स्वस्तातले अमेरिकन राक्षसपट बघत बसतो आणि 'ह्यात संस्कृती कुठे आली' असं तुम्ही विचारलंय. अगदी हेच वाक्य १९८८ साली मी मामांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

मे महिन्यात आम्ही पोरं वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचो. एका रात्रीत तीन कॅसेटी. दोन हिंदी, तिसरी दुकानदार देईल ती. त्या वर्षी तिसरी निघाली १९५८ चा 'द ब्लॉब'. उल्केतून चिकट गोळा निघतो, माणसं गिळतो, फुगत जातो. गोळा म्हणजे रंग घातलेलं सिलिकॉन. शाळकरी पोराच्या कामात २७ वर्षांचा स्टीव्ह मॅक्वीन, आणि वय दिसतं. इंग्रजीतलं ओ की ठो कळलं नाही, तरी गोष्ट कळली. पोरांनी गोळा डोळ्यांनी पाहिलाय आणि पोलीस, आईबाप म्हणतायत, थापा मारू नका.

मामा हेडमास्तर. सुट्टीत मी त्यांच्याकडेच असायचो. शाळेच्या मुतारीच्या भिंतीने पोट काढलं होतं, हात लावला की हलायची. मी जाऊन सांगितलं. चष्म्यावरून बघत म्हणाले, "असले सिनेमे बघितले की भिंती हलणारच." मामी म्हणाल्या, एकदा बघून तरी या. नाही गेले. जुलैच्या पावसात भिंत बसली. रविवार होता म्हणून बरं. त्यावर मामा आजतागायत एक शब्द बोललेले नाहीत.

आता मूल्य. टीव्ही आल्यावर अमेरिकेतली मोठी माणसं घरी बसली. गाडी आणि खिशात चार पैसे असलेली पोरं ड्राइव्ह-इनला, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायच्या उघड्यावरच्या थिएटरला, जायला लागली. त्यांच्या पैशावर सिनेमे निघाले, म्हणून गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली गेली. १९५७ च्या 'आय वॉज अ टीनेज वेअरवुल्फ'मध्ये मारामाऱ्या करणाऱ्या पोराला सुधारायला डॉक्टरकडे पाठवतात आणि तो डॉक्टरच त्याचा लांडगा करतो. मोठ्यांच्या शहाणपणावर एवढी उघड शंका त्या काळच्या किती मोठ्या बॅनरनी घेतली? आणि 'ब्लॉब'मधल्या लोकांची पळापळ जिथे चित्रित झाली, त्या पेनसिल्व्हेनियातल्या फिनिक्सव्हिलच्या कलोनियल थिएटरातून लोक अजून दर उन्हाळ्यात किंचाळत बाहेर धावतात, हौसेने, उत्सव म्हणून. आपल्याकडे ह्याला जत्रा म्हणतात. जत्रा संस्कृतीत बसते ना?

हां, सगळेच असे नसतात. दहातले आठ भंगार, पोरींना किंचाळण्यापलीकडे काम नाही, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मीही बघू देणार नाही. पण 'कचरा आहे' म्हणून बंद करू नका. एकदा शेजारी बसा. आणि मुलगा काही सांगायला आला तर आधी उठून भिंत बघून या, सिनेमाचं नंतर बोला.

'ब्लॉब'च्या शेवटाकडे कळतं की गोळा थंडीला भितो. आग विझवायची, थंडगार वायू सोडणारी नळकांडी शाळेत आहेत, शाळेला कुलूप, किल्ली जवळ नाही. तेव्हा खुद्द हेडमास्तर दगड उचलून आपल्याच शाळेच्या दाराची काच फोडतो. मागच्या दिवाळीत मामांना मी मोबाईलवर तेवढाच प्रसंग दाखवला. दोनदा बघितला त्यांनी. मग फोन परत देत म्हणाले, "काच कुणाच्या खर्चाने बसवली?"